विसातून चौघं : निवडीच्या प्रोग्रॅमच्या नोंदी

४ जून

काम हाती आलं. संस्थेत २० कार्यकर्ते, ८ महिला आणि १२ पुरुष. दर तिमाहीला चौघांची पाहणी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. आता चिठ्ठ्यांऐवजी प्रोग्रॅम हवा, आणि निकालाच्या कागदावर खाली शक्यतांचं छोटं कोष्टक हवं. एकही महिला नसण्याची शक्यता किती, नेमकी एक असण्याची किती, असं. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, ‘दर वेळी कोणीतरी विचारतंच, हे असं कसं आलं म्हणून. त्याच्यासमोर ठेवायला आकडा द्या.’

आधी हातानं. एकही महिला नाही म्हणजे चारही पुरुष. पहिली चिठ्ठी पुरुषाची निघण्याची शक्यता २०त १२. ती बाजूला ठेवली की डब्यात १९ उरल्या, त्यांत पुरुषांच्या ११. मग १८त १०, मग १७त ९.

१२/२० × ११/१९ × १०/१८ × ९/१७ = ११८८०/११६२८० = ०.१०२२

दुसऱ्या वाटेनं पडताळा. विसातून चौघांचे गट ४८४५, बारातून चौघांचे ४९५. ४९५ भागिले ४८४५, तेच ०.१०२२. पहिल्या वाटेत क्रम मोजला होता, दुसऱ्या वाटेत नाही, तरी उत्तर एकच. कारण चौघांचा प्रत्येक गट २४ क्रमांनी निघू शकतो आणि ते २४ वर-खाली दोन्हीकडे येऊन उडून जातात. (इथून पुढे ‘विसातून चार’ असं लिहिलं की कॉम्बिनेशन समजायचं, क्रम न मोजता.)

पूर्ण कोष्टक, गटांच्या संख्येत:

एकही महिला नाही : ४९५
एक महिला : ८ × २२० = १७६०
दोन : २८ × ६६ = १८४८
तीन : ५६ × १२ = ६७२
चारही : ७०

बेरीज ४८४५. एकही गट सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. शक्यता अनुक्रमे ०.१०२२, ०.३६३३, ०.३८१४, ०.१३८७, ०.०१४४.

संस्थेच्या जुन्या वहीत मात्र ‘चारही पुरुष’च्या पुढे कोणीतरी ०.१२९६ लिहून ठेवलंय. हा ०.६ चा चौथा घात. म्हणजे दर वेळी चिठ्ठी परत डब्यात टाकली असं धरलंय. माणूस समितीवर नेमून पुन्हा डब्यात कसा टाकणार? अर्थात माणसं २००० असती, १२०० पुरुष, तर खरं उत्तर ०.१२९३ आलं असतं आणि वहीतला आकडा चालून गेला असता. विसांत चार म्हणजे पाचवा हिस्सा. एवढा डबा रिकामा होतो तेव्हा ते दिसतंच.

संध्याकाळी प्रोग्रॅमचा पहिला मसुदा एक लाख वेळा चालवला. चारही पुरुषांच्या समित्या तेरा हजारांच्या आसपास आल्या! माझ्या हिशोबानं दहा हजार दोनशेच्या आसपास यायला हव्या होत्या. शे-दोनशे इकडेतिकडे चालतील, पावणेतीन हजार नाही. म्हणजे वही बरोबर आणि मी चूक? आज इथेच थांबते.

५ जून

सकाळी आमच्या ज्युनिअरनं निकाल उघडले आणि म्हणाला, ‘ताई, ही समिती तिघांचीच आलीय.’ पाहिलं, तर चार नावांत एक नाव दोनदा. पुढच्या पानावर आणखी एक तशीच. 

मीच घाईत पायथनमधलं रँडम.चॉइसेस वापरलं होतं. ते निवडलेलं नाव परत यादीत ठेवून पुढचं काढतं. हवं होतं रँडम.सॅम्पल, जे ठेवत नाही. म्हणजे प्रोग्रॅमनं जुन्या वहीचीच चूक केली होती, म्हणून दोघांचं इतकं छान जुळलं. चुकीनं चुकीला साक्ष दिली आणि मी रात्रभर स्वतःच्या गणितावर शंका घेत बसले.

अशी दुबार नावाची समिती किती वेळा यावी तेही काढलं. चारही नावं वेगळी असण्याची शक्यता २०×१९×१८×१७ भागिले १६०००० = ०.७२६८. म्हणजे जवळपास २७ टक्के निकालांत कोणी ना कोणी दोनदा. चारांत एकापेक्षा जास्त! इतकं ढळढळीत असून काल दिसलं नाही, कारण मी नावं पाहिलीच नव्हती, फक्त महिला-पुरुष मोजत होते.

सॅम्पल घातलं. आता चारही पुरुषांच्या समित्या दहा हजार दोनशेच्या अवतीभवती. बरं वाटलं.

९ जून

प्रोग्रॅम तयार होईपर्यंत एक तातडीची निवड जुन्याच पद्धतीनं करायची होती. वीस चिठ्ठ्या, चारांवर खूण, प्रत्येकानं एक उचलायची. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या गृहस्थांनी हरकत घेतली. ‘माझी पाळी येईपर्यंत खुणेच्या चिठ्ठ्या संपलेल्या असतील. मला आधी उचलू द्या.’ त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघांनी मान डोलावली.

कागदावर दाखवलं. पहिल्याची शक्यता ४/२०. दुसऱ्याची दोन तुकड्यांत: पहिल्याला खूण आली तर ३/१९, नाही आली तर ४/१९.

४/२० × ३/१९ + १६/२० × ४/१९ = (१२ + ६४)/३८० = ७६/३८० = १/५

तितकीच. तिसऱ्याचीही तितकीच, विसाव्याचीही. गृहस्थांना अपूर्णांक पटले नाहीत. मग म्हटलं, चिठ्ठ्या सगळ्यांना घडी न उघडता वाटू या, आणि मग एकदम उघडा. आता पहिला कोण आणि शेवटचा कोण? ते हसले आणि रांगेत परत गेले. खरं तर हाच पुरावा आहे, अपूर्णांक नुसते हिशोबाला.

पण त्यांच्या हरकतीत एक खरा धागा होता, आणि तो राखीव यादीविषयी बोलताना सापडला. समितीतल्या कोणाला जमलं नाही तर पाचवी चिठ्ठी कामाला येते. ती महिलेची असण्याची शक्यता किती? निवडीच्या आधी विचाराल तर ८/२०, म्हणजे ०.४, पहिल्या चिठ्ठीइतकीच. चारही पुरुष निघालेले दिसल्यावर विचाराल तर उरलेल्या १६त आठही महिला आहेत, म्हणजे ०.५. गृहस्थांनी पुढच्यांच्या चिठ्ठ्या उघडताना पाहिल्या असत्या, तर त्यांची शक्यताही तशीच हलली असती. चिठ्ठी तीच असते, आपल्याला माहीत काय झालंय ते बदलतं.

११ जून

आज कोष्टकात ‘किमान एक महिला’ ही ओळ घालायची होती. सरळ आहे: १ वजा ०.१०२२, म्हणजे ०.८९७८. पण ज्युनिअरनं वेगळ्या रस्त्यानं शीट बनवलं आणि ओळीत आकडा आला १६० टक्के.

आधी वाटलं टक्केवारीचा फॉरमॅट बिघडलाय. नाही. सूत्र पाहिलं: ८ × (एकोणिसातून तीन) भागिले (विसातून चार). म्हणजे ८ × ९६९ = ७७५२, भागिले ४८४५, बरोब्बर १.६.

त्याला विचारलं, काय विचार केलास? ‘किमान एक महिला हवी ना? मग आठांतली एक आधी निवडली. उरलेले तीन कोणीही चालतील, म्हणून एकोणिसातून तीन.’

ऐकायला वाक्य निर्दोष आहे. मीही कॉलेजात असंच लिहून मार्क घालवलेत. फरक इतकाच की तेव्हा उत्तर एकाच्या खाली आलं होतं, म्हणून चूक लपली. इथे आकड्यानं स्वतःच बोंब ठोकली.

कागदावर एक समिती घेतली: महिला अ आणि ब, पुरुष क आणि ड. त्याच्या मोजणीत ही समिती दोनदा येते. एकदा ‘आधी अ निवडली, मग ब, क, ड’ म्हणून. एकदा ‘आधी ब निवडली, मग अ, क, ड’ म्हणून. समिती एकच, बसलेली माणसं तीच. तीन महिलांची समिती तीनदा येते, चारही महिलांची चारदा. जोडून पाहिलं:

१७६० × १ + १८४८ × २ + ६७२ × ३ + ७० × ४ = १७६० + ३६९६ + २०१६ + २८० = ७७५२

तंतोतंत. म्हणजे त्यानं समित्या मोजल्याच नाहीत. त्यानं ‘समिती आणि तिच्यातली एक महिला’ अशा जोड्या मोजल्या. आणि जोड्यांना समित्यांनी भागलं की काय मिळतं? एका समितीत सरासरी किती महिला, ते. ४ × ८/२० = १.६. उत्तर चुकलेलं नव्हतं, दुसऱ्याच प्रश्नाचं होतं.

यावर दोघांनी अर्धा तास घालवला. कामाच्या दृष्टीनं एवढी गरज नव्हती, पण असं रोज सापडत नाही.

१२ जून

कालच्या शोधावरून बाकीच्या ओळी तपासल्या. ‘किमान दोन महिला’ही त्याच साच्यात लिहिलेली: (आठातून दोन) × (अठरातून दोन) = २८ × १५३ = ४२८४, म्हणजे ०.८८४२. खरं उत्तर १८४८ + ६७२ + ७० = २५९०, म्हणजे ०.५३४६. ही चूक जास्त धोक्याची, कारण ०.८८ हा आकडा दिसायला अगदी सभ्य आहे. छापून गेला असता. इथे तीन महिलांची समिती तीनदा मोजली जाते (तिघींतली कुठलीही दुक्कल ‘आधी’), चौघींची सहादा.

यापुढे नियम: ‘किमान’ दिसलं की एकतर उलट्या बाजूनं वजा करायचं, नाहीतर नेमक्या संख्यांच्या ओळी बेरजेला घ्यायच्या. ‘आधी हवे तेवढे, मग उरलेले’ हा रस्ता बंद.

१६ जून

अध्यक्ष आणि सचिव या दोन पदांसाठीही सोडत हवी असं कळलं. इथे क्रम मोजायचा, २० × १९ = ३८०. दोघीही महिला: ८ × ७ = ५६. ५६/३८० = ०.१४७४. क्रम न मोजता २८/१९०, तेच. माझ्या पहिल्या मसुद्यात २८/३८० होतं, वर गट आणि खाली क्रम. उत्तर बरोब्बर निम्मं. दोन वेगळ्या मापांनी मोजून भागाकार केला की असंच होणार.

दुपारी मॅडमनी सहज विचारलं, ‘दोघांपैकी एक तरी महिला आहे एवढंच कळलं, तर दोघीही महिला असण्याची शक्यता किती?’ मी पटकन ७/१९ म्हणून बसले. ते चूक. ७/१९, म्हणजे ०.३६८४, हे ‘अध्यक्ष महिला आहे’ असं कळलं तर. ‘एक तरी’ इतकंच कळलं तर १९० जोड्यांतल्या ६६ पुरुष-पुरुष बाद, उरल्या १२४, त्यांत २८. म्हणजे ०.२२५८. ‘कोणती तरी एक’ आणि ‘ही एक’ यांत केवढं अंतर! मॅडमना लगेच जाऊन दुरुस्ती सांगितली. त्या म्हणाल्या, ‘मला पहिलंही कळलं नव्हतं.’

१८ जून

कागदावर ‘निवडलेली व्यक्ती पुन्हा यादीत जात नाही’ ही ओळ लिहायची की नाही यावर चर्चा. एकाचं म्हणणं, माणसांच्या बाबतीत ते उघडच आहे, कशाला लिहायचं. मी लिहा म्हटलं, आणि त्याला हायगेन्सची गोष्ट सांगितली.

डच गणितज्ञ क्रिस्तियान हायगेन्सनं १६५७ साली संभाव्यतेवरच्या आपल्या छोट्या ग्रंथाच्या शेवटी वाचकांसाठी पाच कोडी ठेवली. त्यातलं एक असं: १२ सोंगट्या, ४ पांढऱ्या, ८ काळ्या. तीन खेळाडू डोळे झाकून पाळीपाळीनं एकेक काढतात, पहिली पांढरी ज्याला येईल तो जिंकला. तिघांच्या शक्यतांचं प्रमाण काय? सोंगटी परत ठेवायची की नाही, ते कोड्यात स्पष्ट नाही. पुढे दुसरा डच गणितज्ञ योहानेस हुडे आणि हायगेन्स यांच्या पत्रव्यवहारात दोघांची उत्तरं जुळेनात. हायगेन्स परत ठेवून मोजत होता, हुडे न ठेवता. 

परत ठेवली तर ९ : ६ : ४. नाही ठेवली तर ७७ : ५३ : ३५. दुसरं मी आज पुन्हा काढून पाहिलं. पहिली पांढरी नवव्या खेपेपर्यंत येणारच, आणि प्रत्येक खेपेचे मार्ग एकूण ४९५पैकी १६५, १२०, ८४, ५६, ३५, २०, १०, ४, १. पहिल्या खेळाडूच्या वाट्याला १६५ + ५६ + १० = २३१, दुसऱ्याच्या १५९, तिसऱ्याच्या १०५. तिनाने भागलं की झालं.

त्याच पाचांतलं आणखी एक कोडं तर थेट आमचंच: याच बारा सोंगट्यांतून सात काढल्या तर तीन पांढऱ्या येण्याची शक्यता. ४ × ७० भागिले ७९२ = ३५/९९. नेमक्या तीन, बरं का. ‘किमान तीन’ म्हटलं तर चौथीचे ५६ मिळवून १४/३३. आमचं कोष्टक याच सूत्रावर चाललंय, ज्याला आज हायपरजॉमेट्रिक म्हणतात.

ओळ कागदावर आली.

२० जून

दोन कार्यकर्ते नवरा-बायको आहेत. दोघं एकाच वेळी समितीत नकोत, घरी मुलं असतात. दोघंही येण्याची शक्यता विचारली. प्रत्येकाची ०.२, म्हणून ०.०४ असं सांगून मोकळं व्हावंसं वाटतं, पण एकानं जागा घेतली की दुसऱ्यासाठी १९त ३च उरतात. ४/२० × ३/१९ = ०.०३१६. दोघांपैकी निदान एक: ०.२ + ०.२ − ०.०३१६ = ०.३६८४.

जागा ठरावीक असल्या की माणसं एकमेकांना किंचित ढकलतात. समितीतल्या महिलांच्या संख्येचा पसरही त्यामुळेच कमी होतो: परत ठेवून काढलं तर विचरण ०.९६, न ठेवता ०.९६ × १६/१९ = ०.८१. हे कोष्टकात घालणार नाही, कोणी वाचणार नाही.

२३ जून

आज नियमच बदलला. समितीत किमान एक महिला सक्तीची. योग्यच आहे, दहात एक समिती महिलांविना निघते हे आमच्याच कोष्टकानं दाखवलं होतं. प्रश्न राबवायचं कसं.

दोन सूचना आल्या.

पहिली: सोडत काढा. चारही पुरुष आले तर रद्द करून पुन्हा काढा, महिला येईपर्यंत.

दुसरी: आधी आठ महिलांतून एक काढा. मग उरलेल्या एकोणीस जणांतून तिघं काढा.

बैठकीत सगळ्यांचं मत, दोन्ही एकच. मीही मान हलवली असती. पण दुसरी सूचना ऐकताना कानात ११ तारखेचं वाक्य वाजलं. ‘आठांतली एक आधी निवडली, उरलेले तीन कोणीही.’ अक्षरशः तेच. तिथे ती मोजणीतली चूक होती, इथे ती काम करण्याची रीत आहे. आणि मोजणीत ज्या समित्या दोनदा-तीनदा येत होत्या, त्याच समित्या या रीतीत दुप्पट-तिप्पट वेळा निघणार.

रात्री मांडून पाहिलं.

पहिल्या रीतीत पात्र समित्या ४८४५ − ४९५ = ४३५०, सगळ्यांना समान संधी. एक महिला ०.४०४६, दोन ०.४२४८, तीन ०.१५४५, चार ०.०१६१.

दुसऱ्या रीतीत ७७५२ मार्ग, आणि समितीत जितक्या महिला, तितके तिचे मार्ग. एक महिला १७६०/७७५२ = ०.२२७०. दोन ०.४७६८. तीन ०.२६०१. चार ०.०३६१. चारही महिलांची समिती पहिल्या रीतीपेक्षा दुपटीहून जास्त वेळा येणार!

व्यक्तीच्या बाजूनं पाहिलं तर आणखी स्वच्छ दिसतं. नियमाआधी प्रत्येकाची शक्यता ०.२. पहिल्या रीतीत एका महिलेची ९६९/४३५० = ०.२२२८, एका पुरुषाची ८०४/४३५० = ०.१८४८. दुसऱ्या रीतीत महिलेची १/८ + ७/८ × ३/१९, जे सुटून ५/१९ होतं, म्हणजे ०.२६३२, पुरुषाची ३/१९, ०.१५७९. ताळा: ८ × ५/१९ + १२ × ३/१९ = ७६/१९ = ४. समितीच्या जागा चारच.

नियमाच्या कागदावर दोन्ही रीती ‘किमान एक महिला’ याच तीन शब्दांत मावतात.

२४ जून

बैठकीत दोन्ही कोष्टकं शेजारी ठेवली. माझं मत पहिल्या रीतीला होतं: नियमानं जेवढं मागितलंय तेवढंच बदलते, बाकी समित्यांतली बरोबरी हलवत नाही. शिवाय रद्द करण्याची वेळ दहात एकदाच; सरासरी १.११ सोडतींत काम होतं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि दुसरी निवडली. ‘तुमचं गणित मान्य. पण सोडत रद्द झाली असं एकदा जाहीर केलं की मला हवी तशी येईपर्यंत काढली, असंच लोक म्हणणार. एक जागा महिलांची, तीन सगळ्यांच्या, हे कोणालाही समजतं.’

एका कार्यकर्त्यानं विचारलं, ‘मग माझी संधी पाचात एकवरून एकोणिसात तीनवर आली. हे बरोबरीचं कसं?’ मी म्हटलं, बरोबरीचं नाहीच; किती नाही ते मात्र आता आकड्यात आहे. मॅडमनी ५/१९ आणि ३/१९ दोन्ही निकालाच्या कागदावर छापायला सांगितलं. त्यांच्या निवडीशी मी अजून पूर्ण सहमत नाही, पण आकडे उघड छापणार म्हटल्यावर माझी तक्रारही उरली नाही.

२७ जून

राखीव यादीसाठी उरलेल्या सोळांचा क्रम लावायचाय. ज्युनिअरनं स्वतःच पिसणी लिहिली: प्रत्येक जागेवरचं नाव यादीतल्या कुठल्याही जागेवरच्या नावाशी बदलायचं. बरोबर वाटतं, नाही. तीनच नावं घेऊन पाहिलं. असे बदलांचे मार्ग ३ × ३ × ३ = २७, क्रम ६. सत्तावीसला सहानं भाग जात नाही, म्हणजे सगळे क्रम सारखे येणं शक्यच नाही. तीन क्रम ५/२७, तीन ४/२७.

दुरुस्ती एका शब्दाची: ‘कुठल्याही’ऐवजी ‘अजून न ठरलेल्या’ जागेशी. फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी दिलेली रीत, १९६४ साली डर्स्टनफेल्डनं संगणकासाठी मांडली. तीही शेवटी परत न ठेवता चिठ्ठ्या काढणंच.

‘इतक्याशा फरकानं काय होतं?’ म्हणाला. त्याला अमेरिकेतली १ डिसेंबर १९६९ची सैन्यभरतीची सोडत दाखवली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ कुप्यांत घातल्या, पण महिन्यामागून महिना अशा ओतल्या आणि नीट मिसळल्याच नाहीत. ज्याच्या जन्मतारखेचा क्रमांक लहान, त्याला आधी बोलावणं. नीट पिसल्या असत्या तर प्रत्येक महिन्याची सरासरी १८३.५च्या जवळपास आली असती. जानेवारीची आली २०१.२, डिसेंबरची १२१.५. डिसेंबरातली मुलं शेवटी ओतली गेली आणि वरच राहिली. पुढच्या सोडतीत, जुलै १९७०मध्ये, तारखा आणि क्रमांक दोन वेगळ्या पिंपांतून काढले.

तो काही बोलला नाही, पिसणी दुरुस्त करून आणली.

एक कोपरा सुटला होता, तोही त्यानंच पकडला: समितीतली एकुलती महिला बाहेर पडली आणि राखीव यादीत पहिला पुरुष असला तर? नियम तुटतो. अशा वेळी राखीव क्रमातली पहिली महिला घ्यायची, एवढं जोडलं.

३० जून

प्रोग्रॅमवरची पहिली सोडत झाली. दोन महिला, दोन पुरुष. ०.४७६८ची ओळ. ९ तारखेचे ते गृहस्थ निवडून आले आणि कागद हातात घेऊन बराच वेळ कोष्टक वाचत होते.

शीटची साफसफाई करताना ज्युनिअरनं विचारलं, १६० टक्क्यांची ओळ काढून टाकू का? नको म्हटलं. फॉरमॅट टक्क्यांवरून साध्या अंकात बदलला, सूत्राला हात लावला नाही, आणि डावीकडे नवं नाव लिहिलं: ‘समितीत सरासरी महिला, जुन्या नियमानं : १.६०’. तिच्या खाली नव्या नियमाची ओळ, ४०/१९, म्हणजे २.११.